जुन्या लेथला घरच्या लाइनवर व्हीएफडी लावला, कसा चालतोय ते सांगतो

भंगारात निघालेला लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन) घरी आणून उभा केलाय पण घरात थ्री फेज नाही म्हणून अडकलेत त्यांच्यासाठी लिहितोय. व्हीएफडी म्हणजे घरच्या सिंगल फेजवरून थ्री फेज बनवून मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र. माझा लेथ बटाल्याचा, साडेचार फुटी, कोन पुलीवाला (बेल्ट बदलून वेग बदलायची पायऱ्यांची पुली). बेडचा गंज काढला, गनमेटलचे बुश नवीन टाकले, क्रॉस स्लाइडची जिब (आडव्या सरकत्या भागाची ढिलाई काढणारी पट्टी) घासून बसवली, मोटर मात्र जुनीच, 2 एचपी 1440 आरपीएम थ्री फेज. सगळे म्हणत होते सिंगल फेज मोटर टाक न मोकळा हो, पण तिची थरथर फिनिश कटला जॉबवर (कातायच्या तुकड्यावर) उमटते. म्हणून 1.5 किलोवॉटचा सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी घेतला.

घेण्याआधी एक समजून घ्या, हा थ्री फेज देतो पण 230 व्होल्ट, 415 नाही. आपल्याकडच्या 3 एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक 415 ला स्टारमधे (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली) असतात, त्याच डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडल्या की 240 ला पूर्ण ताकदीने चालतात. बॉक्समधे सहा वायरी असतील तर नुसत्या पट्ट्या बदलायच्या. माझ्या मोटरीला बाहेर तीनच. रिवाइंडिंगवाल्या दादाकडे नेली, त्याने झाकण काढून आत बॅटरी मारली न म्हणे, "भो, हिचा स्टार पॉइंट आतमधेच बांधेल आहे." मग त्याने वाइंडिंगवरची दोरी कापली, वार्निश तापवून मऊ केलं, तिन्ही टोकांची सोल्डर केलेली गाठ सोडवली, प्रत्येकीला नवीन लीड जोडून स्लीव्ह चढवली, परत दोरी बांधून वार्निश. आपल्या यावल रावेर पट्ट्यात केळीच्या विहिरींच्या मोटरी जळतच असतात, त्यामुळे या लोकांचा हात असा बसलाय की बघत राहावं. हे काम दुसऱ्या कोणाला देऊच नका.

आता चालतो कसा, तर एकदम गुळगुळीत. बेल्ट न बदलता स्पीड कमीजास्त होतो, आटे पाडताना जॉबच्या खांद्याजवळ (जिथे तो जाड होतो) आलं की नॉब फिरवून हळू करता येतं, हे सुख वेगळंच आहे. पण बॅक गिअर (वेग कमी करून ताकद वाढवणारे लेथचे गिअर) काढून फेकू नका. 25 हर्ट्झला मोटरची पॉवर अर्धीच राहते, शिवाय तिचा पंखाही हळू फिरतो म्हणून ती तापते, मोठा कट घ्यायचा तर बॅक गिअरच लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं, चक (जॉब पकडणारा भाग) आट्यांवर बसणारा असेल तर व्हीएफडीमधे ब्रेकचा टाइम, म्हणजे मोटर थांबायला लागणारा वेळ, मोठा ठेवा, मी 6 सेकंद ठेवलाय. झटक्यात थांबवलं किंवा लगेच उलटं फिरवलं तर चक सुटून अंगावर येऊ शकतो, हे विक्रेते सांगत नाहीत. आणि व्हीएफडी न मोटर यांच्या मधे जुना स्टार्टर ठेवायचा नाही, चालू बंद व्हीएफडीच्याच बटणांनी. फुल लोडला लाइनमधून 14 अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग पक्कं पाहिजे.

5 मधला एक गुण कापतोय तो गरमीसाठी. बऱ्याच व्हीएफडींचं रेटिंग 40 नाहीतर 50 डिग्रीपर्यंतचं असतं, आणि मे महिन्यात जळगाव भुसावळला बाहेरच 45 असतं, पत्र्याच्या शेडमधे तर विचारू नका. बिडाचा बुरा आत जाऊ नये म्हणून डब्यात बंद करावा तर आत भट्टी होते. मी मोठा पत्र्याचा डबा घेतलाय, खाली फिल्टर लावलेला पंखा न वर जाळी, आणि उन्हाळ्यात लेथ सकाळीच चालवतो. थ्री फेज मीटर घेण्यापेक्षा रिवाइंडिंगसकट हे स्वस्तात पडलं. 5 पैकी 4.