फोटो मानारोलाचा, भाडं व्हेर्नात्साचं

सत्तावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी लोकांना सांगत आलो, "काका, ओटीपी कुणाला देऊ नका." त्याच मी गेल्या मे महिन्यात ५२० युरो एका भामट्याला पाठवले. तेही स्वतः परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए-टू भरून, रांगेत उभं राहून. म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास. लिहायची लाज वाटते, पण इटलीला जाणारे ओळखीचे तिघं-चौघं आहेत, म्हणून लिहितोय.

मुलगी जर्मनीत शिकते. तिला भेटून पुढे आम्ही दोघं चिंक्वे तेर्रेला जाणार होतो. इटलीतल्या लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावर कड्याला चिकटलेली पाच गावं: मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. १९९७ पासून जागतिक वारसा. पुढचा-मागचा विचार न करता सगळं जग तिथं लोटतं, त्यामुळे उन्हाळ्यात खोलीचे दर ऐकून घाम फुटतो. आमचं बजेट रात्रीला एकशे तीस युरो, त्यावर एक छदाम नाही.

एका नावाजलेल्या साइटवर व्हेर्नात्सामधलं घर दिसलं. चार रात्रींचे ६४० युरो. गच्चीवर लिंबाचं झाड, खाली रंगीत घरं, घरांसमोर रस्त्यावर उभ्या केलेल्या होड्या. मी मेसेज टाकला. मालकाचं उत्तर दहा मिनिटांत: साइट फार कमिशन खाते, व्हॉट्सॲपवर बोलू, थेट खात्यात भरलेत तर ५२० मध्ये देतो. आणि वर, "व्हिसासाठी बुकिंगचं पत्र लागत असेल ना? आजच पाठवतो." आमची व्हिसाची तारीख आठवड्यावर आली होती. त्याला ते मीच बोलता बोलता सांगितलेलं.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, साइटवरूनच पैसे भरा." मी म्हणालो, अगं, मी बँकेत आहे.

मग त्यानं पासपोर्टचा फोटो पाठवला, निळ्या शिक्क्याचा करारनामा पाठवला. शिक्का बघितला की आमच्या पिढीचा जीव भांड्यात पडतो. खाते क्रमांकाची सुरुवात एलटी अशी होती, म्हणजे लिथुआनियाची. विचारलं तर म्हणाला, ऑनलाइन बँकेचं खातं आहे. असतात तशी खाती, त्यात खोटं काही नाही. पण खातेदाराचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळत नव्हतं. "बायकोचं खातं," तो म्हणाला. काउंटरवर कुणा गिऱ्हाइकानं हे सांगितलं असतं तर मी त्याला बाजूला बसवून तासभर समजावलं असतं.

जवळच्या ला स्पेत्सिया शहरातून लोकल पकडून व्हेर्नात्साला उतरलो. बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र, असं करत वीसेक मिनिटांत गाडी पोचते. स्टेशनातून व्हिया रोमा ही मुख्य गल्ली सरळ बंदराकडे उतरते. दोन बॅगा खडखडत आम्ही ती दोनदा वर-खाली केली. पत्त्यातला नंबरच नाही. फोन बंद, व्हॉट्सॲपवर एकच टिक. ही म्हणाली, "अहो, कुणाला तरी फोटो दाखवा ना."

दारात भाजी निवडत बसलेल्या एका आजींना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, होड्यांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. "मानारोला," म्हणाल्या. मग समोरच्या बंदराकडे हात केला. तिथं होड्या पाण्यात डुलत होत्या. मानारोलाचा धक्का एवढासा, त्यामुळे होड्या यारीनं वर उचलतात आणि गल्लीत घरांपुढे लावतात, आपण स्कूटर लावतो तशा. म्हणजे फोटोच सांगत होता, मला वाचता आला नाही.

त्या रात्री ला स्पेत्सियात स्टेशनजवळ ७५ युरोची खोली मिळाली आणि उरलेल्या रात्रीही तिथंच काढल्या. खरं तर पहिल्यापासून तिथंच किंवा पाच गावांच्या पलीकडच्या लेव्हांतोला राहायला हवं होतं; पाचही गावं दिवसाच्या रेल्वे कार्डावर होतात. जेवायला फरिनाता, हरभऱ्याच्या पिठाचा भट्टीत भाजलेला पोळा. हिनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "पिठल्याचं धिरडंच की हे, ओवा तेवढा विसरले."

पोलिसांत तक्रार केली, त्याला तिकडे देनुन्चा म्हणतात. तिची प्रत जपून ठेवा, बँक मागते. बँकेनं पैसे परत बोलावण्याचा संदेश पाठवला; तिकडून उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. साइट म्हणाली, व्यवहार आमच्याबाहेर झाला. बरोबरच आहे म्हणा. कार्डानं, साइटवरूनच भरले असते तर निदान वाद घालायला जागा होती. परदेशात पाठवलेले पैसे एकदा पोचले की सुटलेला बाण.

एक गोष्ट मला नंतर कळली. १ जानेवारी २०२५ पासून इटलीत पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या प्रत्येक घराला सरकारी ओळख क्रमांक लागतो. त्याला सीआयएन म्हणतात. तो जाहिरातीत द्यावा लागतो आणि इमारतीच्या बाहेरही लावावा लागतो. व्हेर्नात्सात दोनदा वर-खाली करताना दारांवरच्या त्या छोट्या पाट्या मी बघितल्या होत्या, पाण्याच्या मीटरचे नंबर असतील म्हणून सोडून दिल्या. पैसे भरण्याआधी हा क्रमांक मागा, आणि जाहिरातीतला फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. मी परत आल्यावर टाकला. तेच लिंबाचं झाड चार ठिकाणी निघालं.

गेल्या आठवड्यात मुलीनं लिंक पाठवली. तीच गच्ची, त्याच होड्या, मालकाचं नाव नवं, गाव या वेळी मोंतेरोस्सो. मी मेसेज टाकला, "सीआयएन क्रमांक द्याल का?"

दहा मिनिटांत उत्तर आलं. "तुमचा व्हॉट्सॲप नंबर पाठवा."