पाच किलोची सॅक आणि पाच लिटर पाणी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

तोरण्यावरून वेल्ह्यात उतरताना उजवा गुडघा धरला. राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम, पहाटे संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून बाहेर पडून डोंगराच्या धारेने तोरण्याची बुधला माची गाठायची आणि संध्याकाळपर्यंत वेल्हे. ही वाट मी आधी तीनदा केली होती. या वेळी शेवटच्या तासाभरात पाऊल खाली टेकलं की कळ जायची. घरी आल्यावर सॅक तशीच हुकाच्या वजनकाट्याला लटकवली. पाणी संपलेलं, शिधा संपलेला, तरी आकडा 11.6 किलो. माझं स्वतःचं वजन 54. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि म्हणाले, आधी पाठीवरचं निम्मं करा, मग डोंगराचं बोलू.

ही गोष्ट गेल्या ऑगस्टच्या आधीच्या हिवाळ्यातली. त्यानंतर मी एकेक वस्तू बदलत गेले आणि गेल्या ऑगस्टपासून या मेपर्यंत तो सगळा संच अकरा ट्रेकना, तेवीस रात्री वापरला. भर पावसात, जानेवारीच्या थंडीत आणि एप्रिलच्या उन्हात. आज माझी सॅक, पाणी आणि शिधा सोडून, 5.2 किलो भरते. एकूण खर्च 10,400 रुपये. चुकीच्या खरेदीत गेलेले 2,400 वेगळे, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

सुरुवात खरेदीने केली नाही, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याने केली. सॅकमधली प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून वहीत ग्रॅममध्ये लिहिली. टॉर्चचे जादा सेल, दोन चाकू, स्टीलचं ताट, जाड टर्किश टॉवेल, जीन्स. स्टीलची एक लिटरची बाटली रिकामी 410 ग्रॅम. बाजारातली पाण्याची प्लास्टिक बाटली, तेवढंच पाणी मावणारी, 24 ग्रॅम. त्या एका संध्याकाळी, एक रुपयाही खर्च न करता, दोन किलो कमी झाले. कोणी मला विचारलं की हलकं सामान घ्यायला कुठून सुरुवात करू, तर मी आधी काटा आणायला सांगते.

मग इंटरनेटवरच्या याद्या वाचायला घेतल्या. अमेरिकेत हलक्या सामानाची परंपरा मोठी आहे. एमा गेटवूड नावाच्या आजींनी 1955 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब पायवाटेचा अ‍ॅपलाचियन ट्रेल कॅनव्हासचे बूट घालून आणि हाताने शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून एकटीने पूर्ण केला. पावसासाठी त्यांच्याकडे न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा होता. मला या बाईंबद्दल अपार आदर आहे. पण आजच्या तिकडच्या याद्या जशाच्या तशा सह्याद्रीत चालत नाहीत. तिथे चार-पाच दिवस गाव लागत नाही, म्हणून तंबू आणि स्वयंपाकाचं सामान हवंच. आपल्याकडे उलट आहे. गडावर देऊळ किंवा गुहा असते, पायथ्याला गाव असतं, गावात कुणाच्या तरी पडवीत जागा आणि चुलीवरची भाकरी मिळते. मिळत नाही ते पाणी. फेब्रुवारीनंतर टाक्यांचा भरवसा नसतो. तेव्हा छप्पर आणि स्वयंपाक यांचं वजन उतरवायचं आणि तेवढं पाणी चढवायचं, हा माझा सगळा हिशेब.

तेवीस रात्रींपैकी छप्पर मला स्वतःला उभारावं लागलं फक्त सहा रात्री. त्यासाठी मी आधी 2.4 किलोचा दोन माणसांचा तंबू वागवत होते. आता दोन बाय तीन मीटरचा पॉलिएस्टरचा टार्प, म्हणजे डोक्यावर ताणून बांधायचं ताडपत्रीसारखं कापड, आहे, दोऱ्या आणि खुंट्यांसकट 620 ग्रॅम, 1,450 रुपये. नायलॉनचा टार्प यापेक्षा हलका मिळतो, पण भिजला की सैल पडतो आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर तसं सैलावत नाही. आपल्या पठारांवर खुंटी अर्धा इंचही आत जात नाही, खाली कातळ असतो. म्हणून मी आठ खुंट्यांतल्या चार घरी ठेवते आणि दोऱ्या लांब नेते. दोरीच्या टोकाला मोठा फास करून दगडाला गुंडाळायचा, त्यावर दुसरा दगड ठेवायचा. वाऱ्याकडची कड जमिनीलगत घ्यायची. टार्पला तळ नसतो, त्यामुळे विंचू-किड्याची भीती वाटणाऱ्यांनी आधी एखादी रात्र अंगणात झोपून बघावं. सकाळी बूट झटकल्याशिवाय मी पाय घालत नाही. अंथरायला बरेच जण जुना फ्लेक्स नेतात, फुकट मिळतो म्हणून. तो एकदा काट्यावर ठेवून बघा. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारा पॉलिथिनचा कागद त्याच्या पाव वजनाहूनही हलका असतो.

मुक्कामाला कुठे परवानगी आहे हे मात्र दर वेळी पायथ्याच्या गावात विचारून घ्यावं. नियम बदलत असतात.

सॅकवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. जुनी 65 लिटरची, आत लोखंडी पट्ट्या, रिकामी 2.3 किलो. नवी 45 लिटरची, 950 ग्रॅम, 2,800 रुपये. माझी उंची पाच फूट दोन इंच. दुकानात सगळ्या सॅक उंच पुरुषाच्या पाठीच्या मापाच्या असल्यासारख्या वाटल्या. कमरेचा पट्टा माझ्या मांड्यांवर यायचा, म्हणजे सगळा भार खांद्यांवर. मान खाली वाकवली की मागे जे हाड वर येतं तिथपासून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. माझं 41 सेंटिमीटर भरलं. ते माप घेऊन गेले आणि तीन दुकानं पालथी घातल्यावर पाठीची उंची बदलता येणारी सॅक सापडली. बायकांनी आणि कमी उंचीच्या मुलांनी हे माप घेतल्याशिवाय, नुसतं लिटर बघून, ऑनलाइन सॅक मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

या सॅकला आतून आधार नाही. मी कॅरीमॅट, म्हणजे झोपायची फोमची चटई, आत उभा गोल पसरवते आणि मधल्या पोकळीत सामान भरते, त्याने पाठ ताठ राहते. नऊ-दहा किलोपर्यंत उत्तम. पण डिसेंबरमध्ये एकदा मैत्रिणीचा पाय मुरगळला म्हणून तिचंही सामान घेतलं, एकूण चौदा किलोच्या आसपास. त्या दिवशी कमरेच्या पट्ट्याची डावी शिवण उसवली. घरी येऊन बघितलं तर पट्टा सॅकला नुसत्या दोन सरळ टिपांनी जोडलेला. जिथे ओढ बसते तिथे मागेपुढे दाट टिप मारलेली असावी लागते, ती नव्हतीच. चौकातल्या चांभारकाकांनी जाड नायलॉनच्या दोऱ्याने दोन्ही बाजू शिवून दिल्या, साठ रुपये घेतले. त्यानंतर पाच महिने झाले, ती शिवण हललेली नाही. आता दुकानात गेले की आधी पट्टा उलटा करून शिवण बघते, रंग आणि कप्पे नंतर.

पावसाबद्दल. सॅकसोबत आलेलं रेनकव्हर मी दुसऱ्याच ट्रेकनंतर काढून टाकलं. पाठीच्या बाजूने पाणी आत जातं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. भीमाशंकरच्या जंगलात ऑगस्टमध्ये ते काढलं तेव्हा लिटरभर पाणी खाली पडलं असेल. त्याऐवजी आता सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, गोणीच्या आत धान्याला घालतात तशी. किराणा दुकानदाराने अशीच दिली, 70 ग्रॅम. सगळं सामान तिच्यात भरून तोंड पिळून दुमडायचं. सॅक बाहेरून ओलीचिंब झाली तरी आतली स्लीपिंग बॅग कोरडी. पावसाळाभर एकदाही दगा नाही.

पाँचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा घेरदार रेनकोट, हा माझा पहिला वाया गेलेला खर्च, 500 रुपये. सपाट वाटेवर तो छान असतो. पण रॉकपॅच, म्हणजे खड्या कातळाचा टप्पा, उतरताना त्याचा घेर पोटासमोर फुगतो आणि पाय कुठे टाकतोय तेच दिसत नाही. सह्याद्रीत जिथे सगळ्यात जपून पाऊल टाकायचं तिथेच नजर झाकली जाते. वर कारवीच्या झुडपांत अडकून दोन ठिकाणी फाटला. आता 1,300 रुपयांचं, 290 ग्रॅमचं साधं रेनजॅकेट आहे. चढताना आत घाम येतो आणि माणूस घामानेच भिजतो, हे खरं आहे. मी चढावर ते काढून ठेवते आणि धारेवर वारा लागला की घालते.

दुसरा वाया गेलेला खर्च हवेची गादी, 1,900 रुपये. वजन कॅरीमॅटएवढंच आणि झोप घरच्यासारखी, पहिल्या दोन रात्री. तिसऱ्या रात्री करवंदीचा काटा. अंधारात हेडटॉर्च तोंडात धरून भोक शोधलं, चिकटपट्टी लावली, पहाटे तीनला पाठ पुन्हा दगडाला टेकलेली. ती गादी वाईट नाही, पण आपल्या काट्याकुट्यांच्या जमिनीवर ती नको. जुना फोमचा कॅरीमॅट परत काढला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरेल एवढा कापला आणि पायांखाली रिकामी सॅक घेते. 300 ग्रॅम, आणि काटा रुतला तरी त्याचं काही बिघडत नाही.

स्लीपिंग बॅग घेताना लेबलवरचे तापमानाचे तीन आकडे नीट वाचा. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा कित्येकदा एक्स्ट्रीमचा असतो, आणि त्या तापमानाला झोप लागत नाही, जीव वाचवायचा असतो. युरोपीय मानकातला कम्फर्टचा आकडा प्रमाण स्त्रीच्या हिशेबाने आणि लिमिटचा पुरुषाच्या हिशेबाने काढतात. म्हणून बायकांनी कम्फर्टच बघावा. माझी 10 अंश कम्फर्टची आहे, सिंथेटिक, 980 ग्रॅम, 2,300 रुपये. पिसांची बॅग हलकी असते, पण महाग, आणि आपल्या दमट हवेत ओल धरली की तिची ऊब जाते. जानेवारीत रतनगडाच्या गुहेत माझी बॅग एकटी पुरली नाही. पहाटे पाय गार पडले. त्यानंतर आईने तिच्या जुन्या वायलच्या साडीचा आतला लायनर शिवून दिला. साडी अर्धी कापली, लांबीत दुमडली, दोन बाजू शिवल्या आणि गळ्याशी नाडी घातली. 210 ग्रॅम. इतक्या वर्षांच्या धुण्याने ते सूत इतकं मऊ झालंय की अंगाला लागल्याबरोबर झोप येते. ऊब थोडी वाढते, आणि मुख्य म्हणजे बॅग मळत नाही. बॅग जितकी कमी धुवाल तितकी टिकते. घरी ती दाबून ठेवायची नाही, मी उशीच्या दोन अभ्र्यांत सैल ठेवते.

बूट 1,200 रुपयांचे, रबरी तळव्याचे, घोट्याखालचे, दोन्ही मिळून 640 ग्रॅम. आधीचे घोट्यापर्यंतचे जाड बूट जवळपास दुप्पट होते, आणि पायातलं वजन पाठीवरच्यापेक्षा फार जास्त दमवतं. कोरड्या कातळावर या रबराची पकड मला महागड्या बुटांपेक्षा चांगली वाटली. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-मुरमाच्या उतारावर, ठीक. शेवाळलेल्या दगडावर कुठल्याच बुटावर विश्वास ठेवू नये. दहा महिन्यांत टाचेकडची नक्षी झिजून गेली आहे आणि डाव्या बुटाचं पुढचं टोक दोनदा चिकटवलंय. एका मोसमाचे बूट म्हणूनच ते घ्यावेत.

गॅसचा छोटा बर्नर 750 रुपयांना घेतला. बर्नर आणि एक ॲल्युमिनियमचं पातेलं मिळून 450 ग्रॅम. स्पिरिटची चूल आणखी हलकी असते, पण दिवसा तिची ज्योत दिसत नाही आणि ती सांडली की सुकलेल्या गवतात वणवा लागायला वेळ लागत नाही, म्हणून ती मी घेणार नाही. रेल्वेत गॅसचा डबा नेता येत नाही हेही लक्षात ठेवा. खरं सांगायचं तर तेवीस रात्रींत बर्नर नऊच वेळा पेटला. आता उन्हाळ्यात मी बर्नर घरीच ठेवते. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून, दशम्या आणि दाण्याची चटणी, एवढ्यावर दोन दिवस निघतात, आणि गावात जेवलं तर त्या घरालाही चार पैसे मिळतात. हेडटॉर्च 600 रुपयांचा, अजून व्यवस्थित.

एप्रिलच्या शेवटी रतनवाडीतून निघून कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा ट्रेक केला. पहिल्या दिवशी निघताना पाठीवर पाच लिटर पाणी होतं, दोन लिटरच्या दोन बाटल्या आणि एक लिटरची एक. शिध्यासकट बारा किलोला थोडं कमी. जुन्या सामानावर एवढं पाणी घेतलं असतं तर अठरावर गेलं असतं, म्हणजे मी तीन लिटरच घेतलं असतं. खिंडीच्या चढावर दुपारी वारा पडला होता. वाटेत दोन कॉलेजची मुलं सावलीत बसलेली, त्यांचं पाणी संपलेलं, पाठीवर मोठाले तंबू. त्यांना लिटरभर दिलं आणि तरीही कुमशेतच्या विहिरीवर पोहोचले तेव्हा माझ्याकडे अर्धी बाटली उरली होती. विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं, हे मी कधी चुकवत नाही. पाचनईकडून गडावर चढताना आणि तिसऱ्या दिवशी उतरताना गुडघ्याने एकदाही आठवण करून दिली नाही.

पावसाळ्याआधी तीन कामं आहेत. बूट नवे घ्यायचे, त्याच प्रकारचे. टार्पच्या मधल्या शिवणीला सीलर, म्हणजे भोकं बुजवणारा लेप, लावायचा, मार्चच्या अवकाळी पावसात तिथून थेंब गळत होते. आणि आईकडे वायलची अजून एक साडी आहे, ती मैत्रिणीच्या लायनरसाठी मागितली आहे.