गाण्याच्या ऑनलाइन क्लासला काय घ्यावं: झूम, जित्सी की बिगब्लूबटन?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून पुण्या-दुबईच्या विद्यार्थ्यांना गाणं शिकवायचं असेल, तर आधी तानपुरा पलीकडे पोचतो का ते बघा. मीटिंगची सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनलेली. सलग एकसुरी आवाज त्यांना पंख्याचा वाटतो आणि गोंगाट काढताना ती तानपुराच कापून टाकतात.

झूममध्ये त्यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे आणि ते खरंच चांगलं चालतं. अडचण इतकीच की प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या बाजूला ते सुरू करायला हवं. आठवीतली पोरं करतात, त्यांचे आजोबा फोन करतात. मोफत खात्यात ४० मिनिटांनी मीटिंग तुटते. विलंबित ख्याल शिकवणाऱ्याने पैसे भरायची तयारी ठेवावी. ऑक्टोबर २०२० पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मधे कुणालाच, सर्व्हरलाही, ऐकता-बघता येऊ नये असं कुलूप) मिळतं, पण ते लावलं की क्लाउड रेकॉर्डिंग बंद.

जित्सी ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, आपल्या सर्व्हरवर बसवता येतं. आवाजावरची सगळी प्रक्रिया बंद करणं, स्टिरिओ, आवाज दाबून पाठवणाऱ्या ओपस कोडेकचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा) हे सर्व्हरच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये एकदा लिहिलं की सगळ्यांना लागू. मात्र प्रतिध्वनी काढणंही त्यातच बंद होतं, म्हणून प्रत्येकाला हेडफोन सक्तीचा. पासवर्डशिवाय कुणी खोली उघडू नये आणि पाहुणे लॉबीत थांबावेत, अशी सोयही आहे. जित्सीचा व्हिडिओब्रिज (सर्व्हरवरचा सगळ्यांना जोडणारा भाग) एरवी आवाज-चित्राचं एन्क्रिप्शन मधे उघडून पुढे पाठवतो, म्हणजे सर्व्हर ज्याचा, विश्वास त्याच्यावर. मुलींचे क्लास घेणाऱ्यांनी तरी हा मुद्दा हलका घेऊ नये. घरच्या फायबरला बहुतेक वेळा स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेट पत्ता) नसतो, त्यामुळे सर्व्हर घरी ठेवण्यापेक्षा मुंबईच्या डेटा सेंटरमधला भाड्याने घ्या. रेकॉर्डिंगला जिब्री हे जित्सीचं जोडसॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं, आणि एक जिब्री एका वेळी एकच रेकॉर्डिंग करतं.

बिगब्लूबटन कॅनडाच्या कार्लटन विद्यापीठात शिकवण्यासाठीच जन्मलं. फळा, छोटे गट, रेकॉर्डिंग सगळं आत. विशारदच्या लेखी पेपरची तयारी, ताललिपी फळ्यावर लिहून दाखवणं, याला तोड नाही. पण सर्व्हरला १६ जीबी मेमरी, प्रोसेसरचे ८ कोअर आणि उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची ते सांगतील तीच आवृत्ती लागते. दहा-बारा शिष्यांसाठी एवढा डोलारा कशाला? कॉलेजला शोभतो.

माझं मत जित्सीकडे झुकतं, पण अपडेट वेळेवर करणारा भाचा-पुतण्या घरात असेल तरच. नसेल तर झूमच बरं. दोन वर्षं अपडेट न केलेला स्वतःचा सर्व्हर सगळ्यात धोक्याचा.

तबला कोल्हापुरात आणि गाणं पुण्यात, अशी एकत्र साथ मात्र या तिन्हींत जमत नाही. विलंबामुळे सम हुकते. त्यासाठी जॅम्युलस हे वेगळं सॉफ्टवेअर आहे: फक्त आवाज, वायरचं इंटरनेट हवं, आणि आवाज एन्क्रिप्ट होत नाही. रियाजाला चालेल.