गॅट्स जार: फ्लोटवाल्या विमानाच्या टाकीतलं पाणी काढायचा डबा, दोन वर्षं वापरल्यावर

दोन वर्षं झाली हा डबा वापरतेय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. गॅट्स जार म्हणतात त्याला. विमानाच्या टाकीतून खालच्या बाजूने पेट्रोलचं सॅम्पल काढायचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, मधोमध एक दांडी, ती टाकीच्या तळाच्या ड्रेनच्या व्हॉल्व्हला टेकवून वर दाबली की पेट्रोल डब्यात येतं, आणि ओतायच्या बाजूला बारीक जाळी. मला वीस डॉलरच्या आसपास पडला. आम्ही चौघांनी मिळून एक जुनी सेसना १८० घेतलीय, छोटं विमान, फ्लोटवरची म्हणजे चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे दोन पोकळ फ्लोट लावलेली, सिएटलजवळ लेक वॉशिंग्टनला एका डॉकवर बांधलेली असते. इथला पाऊस आपल्याकडच्यासारखा धो धो नसतो, ऑक्टोबरात सुरू झाला की मेपर्यंत नुसती पिरपिर, आणि विमान कायम उघड्यावर. त्यामुळे टाकीत पाणी गेलंय का हे आम्हाला दर वेळी उडायच्या आधी बघावंच लागतं.

पावसाळ्यात स्कूटरच्या टाकीत पाणी शिरलं की गाडी आचके देत बंद पडते आणि आपण ती ढकलत कडेला नेतो, हे सगळ्यांनी भोगलंय. विमानात ते बहुतेक टेकऑफलाच होतं, कारण पेट्रोल लिटरला साधारण ७२० ग्रॅम आणि पाणी एक किलो, म्हणजे पाणी तळाला बसतं, आणि पार्किंगमध्ये ते टाकीच्या ज्या कोपऱ्यात निवांत पडलेलं असतं तिथून नाक वर उचललं की सरकतं आणि सरळ इंजिनाच्या नळीत जातं. समोर तळं, खाली झाडं, अशा वेळी इंजिनाने धाप टाकलेली कुणालाही नको.

चाकाच्या विमानात हे काम सोपं आहे. विमान सपाट जमिनीवर रात्रभर स्थिर असतं, सकाळी पंखाखाली जायचं, सॅम्पल घ्यायचं, झालं. फ्लोटवर तसं नाही. एक तर विमान सतत डुलत असतं, बाजूने एखादी बोट गेली तरी टाकीतलं सगळं ढवळून निघतं. दुसरं म्हणजे मागचा माणूस फ्लोटच्या शेपटाकडे उभा राहिला, सामान मागे ठेवलं, एका फ्लोटमध्ये पाणी झिरपून तो जड झाला, की विमानाचा कल बदलतो आणि तळ कुठला तेही बदलतं. म्हणून आधी हातपंपाने दोन्ही फ्लोटच्या सगळ्या कप्प्यांतलं पाणी उपसायचं, विमान सरळ बसवायचं, मग टाक्या. बरेच जण उलटं करतात आणि मला ते पटत नाही. आणि एक पंख डॉकवर असला तरी दुसरा पाण्यावर, तिकडे फ्लोटवर उभं राहून एका हाताने स्ट्रट (पंखाला खालून आधार देणारा दांडा) धरायचा आणि दुसऱ्या हाताने डोक्याच्या वर डबा दाबायचा.

आधी माझ्याकडे बोटाएवढी प्लास्टिकची नळी होती, सगळ्यांकडे असते ती. त्यात पेट्रोल मावतं थोडंसं आणि बाकीचं कोपरापर्यंत बाहीत ओघळतं. पण खरा धोका वेगळा आहे. नळी अर्धी पाण्याने भरली तर मध्ये रेघ दिसते, पण नळी पूर्ण पाण्याने भरली तर रेघच दिसत नाही, सगळं एकदम स्वच्छ वाटतं! मागच्या नोव्हेंबरच्या आधीच्या नोव्हेंबरात आठ-दहा दिवस पाऊस लागून राहिला होता, मी उजव्या पंखाची नळी भरून आकाशाकडे धरली, छान नितळ दिसली, आणि ओतून टाकणार एवढ्यात वास घेतला तर वासच नाही. शंभर एलएल, म्हणजे आमचं विमानाचं पेट्रोल, फिकट निळं असतं, पण आकाशाकडे धरलं की साधं पाणीही निळसर-करडं वाटतं. तेव्हापासून सॅम्पल फ्लोटच्या पांढऱ्या रंगासमोर धरते, वास घेते, आणि एक थेंब बोटावर घेते, पेट्रोल असेल तर फुंकर मारली की उडून जातं, पाणी तसंच राहतं.

त्याच आठवड्यात हा जार मागवला. आल्यावर उजव्या टाकीतून पहिला जार काढला तर खाली तीन बोटं पाणी आणि वर निळं, रेघ अशी स्पष्ट की लांबून दिसावी. दुसऱ्यात एक बोट. तिसरा स्वच्छ. इथेच मी थांबले असते. पण आमच्यातल्या एका अनुभवी काकांनी (अलास्कात बरीच वर्षं उडालेत) सांगितलं, आता पंख हलव. नवरा डॉकवरून पंखाचं टोक वरखाली करत होता, मी फ्लोटच्या मागच्या टोकाला जाऊन शेपूट खाली दाबलं, मग पंधरा-वीस मिनिटं आम्ही गप्प बसून राहिलो. चौथ्या जारमध्ये परत अर्धा जार पाणी. जुन्या १८० मध्ये टाकी म्हणजे पंखात घातलेली रबराची पिशवी असते, तिला तळाशी सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्यांच्या मागे पाणी अडकतं, नुसता ड्रेन उघडून ते येत नाही. अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतुकीची सरकारी संस्था) १९८४ मध्ये अशा टाक्यांच्या सेसनांसाठी ८४-१०-०१ नंबरचा आदेश काढला तो याचसाठी, पिशवीच्या सुरकुत्या आणि वरची झाकणं तपासायला लावणारा.

आता जारबद्दल. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो मोठा आहे, सुरकुतीतून सुटून आलेलं पाणी एका दमात पकडायला तेवढा आकार लागतोच. तोंड रुंद असल्यामुळे बाही कोरडी राहते. जाळीतून पेट्रोल परत टाकीत ओतता येतं आणि पाणी, कचरा, गंजाचे कण डब्यातच राहतात, हे मी पाणी मिसळलेल्या सॅम्पलवर घरी मुद्दाम करून बघितलं. फ्लोटवर याचं मोल जास्त आहे, कारण जमिनीवर लोक सॅम्पल डांबरावर फेकतात (तेही चूकच), पण तळ्यात चमचाभर पेट्रोल सांडलं तरी इंद्रधनुष्यी तवंग हातभर पसरतो, आणि त्याच पाण्यात पोरं पोहतात, बदकं असतात. शंभर एलएलमधलं एलएल म्हणजे लो लेड, कमी असलं तरी शिसं आहेच त्यात. पाण्यात एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. उरलेलं घाण पाणी मी वेगळ्या कॅनमध्ये भरून ठेवते आणि जुनं पेट्रोल घेणाऱ्या ठिकाणी देते. हात साबणाने धुवायचे.

न आवडलेलं म्हणजे आकारामुळेच तो दाराच्या खिशात मावत नाही, आणि फ्लोटवर एका हाताने धरताना निसटेल अशी धास्ती असते. माझी आधीची नळी अशीच तळ्यात गेली. म्हणून मी याला जाड सुतळी बांधून टोकाला मासेमारीचा छोटा फ्लोट लावलाय, सुतळीचा फास मनगटात. आणि तो केबिनमध्ये उघडा ठेवू नका, वास भरतो, झिपवाली पिशवी पाहिजेच.

एक जागा अशी आहे जिथे नुसता जार पुरत नाही, ती म्हणजे इंजिनाखालचा स्ट्रेनर, पेट्रोलची गाळणी. आमच्या विमानात त्याचा खटका वर ऑइलच्या झाकणात आहे आणि धार पडते खाली, दोन फ्लोटच्या मधल्या पाण्यावर. एकट्या माणसाला खटका ओढून खाली डबा धरता येत नाही. नवरा फ्लोटवर गुडघे टेकून जार धरतो, मी खटका ओढते, त्याआधी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बंद आणि किल्ली माझ्या खिशात, कारण त्याचं डोकं प्रोपेलरजवळ असतं. एकटीच असेन तेव्हा जार काठीला बांधून तिथे लटकवते, जमतं, पण वेळ लागतो. उडायची घाई असेल त्या दिवशी हीच पायरी गाळावीशी वाटते आणि तीच गाळायची नसते, स्ट्रेनर सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात सखल भाग आहे.

ज्यांच्याकडे ड्रम किंवा कॅनमधून पेट्रोल भरायची वेळ येते त्यांनी जारच्या भरवशावर राहू नये, भरतानाच पाणी अडवणारं फनेल वापरा आणि विमान, कॅन, फनेल वायरने जोडून घ्या, स्थिर विजेची ठिणगी पडायला नको. आणि इथेनॉलवालं गाडीचं पेट्रोल असेल तर थोडं पाणी त्यात विरघळून राहतं, मग डब्यात रेघ दिसेलच असं नाही.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो दोरीसाठी कडी नाही म्हणून.

आमच्या पाण्याचं मूळ मात्र टाकीच्या झाकणात सापडलं. जुनी, पंखाच्या पातळीत बसणारी झाकणं, भोवतीच्या खळग्यात पाऊस वाटीसारखा साठतो, आणि आतलं रबर उन्हाने तडकलेलं होतं. ज्या वर्कशॉपने दोनच महिने आधी वार्षिक तपासणी केली होती त्यांनी हे रबर बघितलंच नव्हतं, याचा राग अजून आहे. उंच बसणारी छत्रीसारखी झाकणं लावून घेतली. त्यानंतर पहिला सलग पाऊस झाला सहा दिवस, सातव्या दिवशी गेलो, फ्लोट उपसले, पंख हलवले, शेपूट दाबलं, वाट बघितली. दोन्ही बाजूंनी चार-चार जार. सगळे निळे, वास पेट्रोलचा, तळाला रेघ नाही.