बॉस कटाना-५० मार्क २ : घरात आणि बँडमध्ये

गिटारचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) घेताना लोक आधी वॅट बघतात आणि तिथेच फसतात. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला 'दुप्पट' वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे ५० आणि १०० वॅटमध्ये फार मोठं अंतर नाही. १२ इंची स्पीकरने टोनला जो भरीवपणा येतो, तो जास्त मोलाचा.

बॉस कंपनीच्या कटाना-५० या अ‍ॅम्पमध्ये असा स्पीकर आहेच, शिवाय मागे नाही तर वरच्याच पॅनलवर ०.५, २५ आणि ५० वॅटचा स्विच आहे. घरी ०.५ वर ठेवा, व्हॉल्यूम निम्म्यावर आणा आणि खोलीपुरता आवाज मास्टरने (शेवटचा एकूण आवाज ठरवणाऱ्या बटणाने) जुळवा. क्रंचचा (किंचित फाटलेल्या, खरखरीत आवाजाचा) पोत शेजाऱ्यांना न उठवता मिळतो. ही सोय खरंच सुंदर आहे.

बँडमध्ये ५० वॅट ड्रम्ससमोर टिकतात, पण घरचं सेटिंग तसंच नेलंत तर गिटार गायब होते. जास्त गेन (आवाज फाटवणारं बटण) आणि बेस (खालचे सूर), कमी मिडल (मधले सूर) हे एकट्याने वाजवताना भारी वाटतं. तालमीत मात्र बेस गिटार आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) खालच्या सुरांची तीच जागा व्यापतात. गेन आणि बेस उतरवा, मिडल चढवा. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, जमिनीवर ठेवला तर तो तुमच्या गुडघ्यांनाच ऐकू येईल.

एक उणीव: हेडफोन/रेकॉर्डिंगच्या जॅकमध्ये वायर घातली की स्पीकर बंद होतो. म्हणजे तिथून मंचाच्या साउंड सिस्टिमला आवाज दिला तर अ‍ॅम्प स्वतः गप्प होतो. त्यामुळे मोठ्या मंचावर स्पीकरसमोर माइक लावलेला बरा.