गिरणीचा शाफ्ट बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतला, काम एक नंबर

आमच्या पिठाच्या गिरणीचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजलेला, चालू केली की नुसता खडखडाट. आधी एकाकडं नेलेला तर त्यानं शाफ्टवर पंचचे ठोके मारून (खड्डे पाडून जागा फुगवायची, असला जुगाड) बेअरिंग ठोकून बसवलं, थोडे दिवस चाललं आणि परत ढिलं. मग ओळखीच्यानं सांगितलं म्हणून उद्यमबागेतल्या एका लहान लेथच्या वर्कशॉपमध्ये गेलो.

तिथला टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, आयटीआय केलेला पोरगा, पंच मारायला सरळ नाही म्हणाला. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भर चढवला, शाफ्ट गार होऊ दिला, लेथवर बांधून डायल लावून सरळ फिरतोय का बघितला आणि मग कट घेत आला, शेवटी शेवटी तर एवढासाच कट आणि दरवेळी मायक्रोमीटर, तोपण तीन जागी फिरवून. बेअरिंग हातोड्यानं नाही, तेलात गरम करून बसवलं, अलगद सरकलं बघा. आता गिरणीचा आवाज बंद.

खरं एक गोष्ट लई लागली. मी तिथं असतानाच दुसरा एकजण त्या पोराला म्हणतो, शाळेत लक्ष दिलं असतंस तर हात काळे झाले नसते. अरे, टर्नरचा कोर्स दोन वर्षांचा असतोय, ड्रॉइंग वाचायचं, मापाचं गणित करायचं, ते काय शिक्षण नव्हे? जर्मनीत हेच काम शिकणारी पोरं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि बाकीचे शाळेत असतात, शिकतानाच पगार मिळतोय, आणि पुढं माइस्टर (त्या कामातला उस्ताद) झाला की ती पात्रता बॅचलर डिग्रीच्याच पातळीला धरतात. स्वित्झर्लंडमध्ये शाळा संपली की तीनातली जवळजवळ दोन पोरं असल्याच ट्रेनिंगला जातात, यूबीएस बँकेचे सीईओ सर्जिओ एर्मोटी यांची सुरुवातसुद्धा बँकेतल्या अप्रेंटिसशिपनं झाली. डिग्रीमागं धावणाऱ्या दक्षिण कोरियानंपण २०१० मध्ये असलं हातचं काम शिकवणारी माइस्टर हायस्कूल सुरू केली. आपल्याकडं अप्रेंटिस कायदा १९६१ चा, तरी सोयरिकीत पोरगा टर्नर म्हटलं की पाव्हणे तोंड वाकडं करतात, आणि बेळगावच्या फाउंड्र्या, हायड्रॉलिक्सचे कारखाने चालतात ते ह्याच पोरांच्या हातावर की ओ!

फोन लवकर उचलत नाहीत आणि लाईट गेली की काम दुसऱ्या दिवसावर, म्हणून अर्धा स्टार कमी. रेट पंचवाल्यापेक्षा जास्त आहे, खरं घासाघीस करू नका, त्या कामाचे तेवढे होतातच. जाताना जुनं बेअरिंग आणि हाउसिंग (बेअरिंग बसतं ते घर) बरोबर न्या, माप तिथंच जुळवून देतात.