सिम८००एल, आठ महिन्यांनंतर: मॉड्यूलला घातलेल्या शिव्या मागे घेतोय (बऱ्याचशा)

परवा रात्री टाकी भरून वाहत होती आणि एसएमएस आलाच नाही. म्हटलं मेलं परत. आठ महिन्यांत हे सिम८००एल, म्हणजे सिमकार्ड घालून एसएमएस पाठवणारं छोटं टूजी मॉड्यूल, इतक्या वेळा "मेलंय" की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडा. माझं काम साधं होतं, टाकीची पातळी आणि पंप चालू-बंद झाल्याचा एसएमएस, बस. घरात टेबलावर लावलं, एलईडी सेकंदाला एकदा, मग तीन सेकंदांनी एकदा, म्हणजे नेटवर्क मिळालं, मेसेज गेला, मी खूश. टाकीपाशी नेलं की सात-आठ वेळा ब्लिंक, बंद, परत पहिल्यापासून. घरी आणलं की गुणी बाळ. विकणाऱ्याशी पंधरा दिवस भांडलो, त्याने बदलून दिलं, दुसऱ्याचंही तेच. मग मी सगळीकडे सांगत सुटलो की हे मॉड्यूलच भंगार आहे.

तर भंगार नव्हतं. भंगार होत्या माझ्या जंपर वायर, म्हणजे सोल्डर न करता खोचायच्या त्या तयार वायर.

म्हणजे झालं असं की मीटरवर व्होल्टेज मस्त ४.० दाखवायचं, मॉड्यूलला ३.४ ते ४.४ लागतं, मग अडचण काय? एका मित्राने स्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) आणला आणि म्हणाला, "अरे त्या मीटरला काय विचारतोस, तो सरासरी सांगतो." टूजीमध्ये मॉड्यूल सलग बोलत नाही, दर ४.६ मिलीसेकंदाला साधारण ५७७ मायक्रोसेकंदांचा एक झटका मारतं आणि त्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत ओढतं. स्कोपवर दर झटक्याला ४.० चं खाली ३.२ होताना दिसलं, अगदी कंगव्याच्या दातांसारखं. मीटर बिचारा ते बघूच शकत नाही.

आणि टाकीपाशीच का? कारण तिथे सिग्नल कमी. सिग्नल कमी म्हणजे मॉड्यूल जास्त जोर लावून ओरडणार, म्हणजे जास्त करंट. घरात टॉवर जवळ असल्यासारखं कुजबुजून काम व्हायचं म्हणून वायरचं पाप झाकलं जायचं. हे कळलं तेव्हा विकणाऱ्याला पाठवलेले मेसेज आठवले, जरा लाज वाटली.

आता वायरचं. त्या रंगीबेरंगी जंपर वायर दिसतात जाड, पण ते सगळं प्लास्टिक, आत केसाएवढं तांबं. त्यात ब्रेडबोर्डची (वायर खोचायच्या भोकांच्या पट्टीची) ढिली पकड. जायची-यायची मिळून पाव ओहम रोध धरा, २ अँपिअरला अर्धा व्होल्ट वायरमध्येच गडप, उरलेलं बक कन्व्हर्टर (सप्लायचं व्होल्टेज कमी करून देणारा) उशिरा जागा होतो त्यात. लोक सांगतात हजार मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाक, सगळं ठीक होईल. मीही टाकला. पण हिशोब करून बघा ना, २ अँपिअर ५७७ मायक्रोसेकंद नुसत्या कपॅसिटरने पुरवायचे तर हजारवाल्याचाही व्होल्टेज एका झटक्यात १.१ ने पडेल. म्हणजे कपॅसिटर मदतनीस आहे, मालक नाही. सप्लायनेच करंट दिला पाहिजे आणि वायरने तो पोचू दिला पाहिजे. शेवटी सप्लायच्या दोन्ही जंपर काढल्या, जाड वायर बोटभर लांबीची सरळ सोल्डर केली, कपॅसिटर मॉड्यूलच्या पायांना चिकटवून लावला, आणि तोच दात आता ३.८ च्या खाली जात नाही. मॉड्यूल तेच, बक तोच. दोन तुकडे वायर! चार महिने मी दोन तुकडे वायरसाठी मॉड्यूलशी भांडलो.

एक हसायची गोष्ट. व्होल्टेज पडलं की हे मॉड्यूल सिरियलवर, म्हणजे कंट्रोलर बोर्डाशी बोलायच्या वायरवर, अंडर-व्होल्टेजची वॉर्निंग पाठवतं, मी कोडमध्ये ती पकडून लॉग करत होतो आणि लॉग कायम रिकामा, म्हणून तर मला सप्लायवर संशय आला नाही. नंतर कळलं की मॉड्यूल पाठवतं त्या वॉर्निंगच्या स्पेलिंगमध्ये आरनंतरचा एन दोनदा आहे. मी शुद्ध इंग्रजी शोधत बसलो होतो. शाळेत स्पेलिंगचे मार्क गेले नाहीत कधी, ते इथे गेले.

बाकी गोष्टी पटकन. बकवरचा व्होल्टेज सेट करायचा स्क्रू फिरवून तो आधी मीटर लावून ४.० ला आणा, मगच मॉड्यूल जोडा, नवा बक कुठल्या व्होल्टेजवर सेट होऊन येईल सांगता येत नाही. अँटेना आधी, करंट नंतर. बोर्डाच्या ५ व्होल्टची टीएक्स (पाठवायची) लाईन थेट मॉड्यूलच्या आरएक्स (ऐकायच्या) पिनला नको, तिथली लेव्हल २.८ ची आहे, दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणा. आणि मॉड्यूलची पॉवर काढली तरी टीएक्स हाय राहिली तर त्या पिनमधून करंट शिरतो आणि ते धड मेलेलं नाही धड जिवंत नाही असं लटकतं, मग परत पॉवर दिली तरी उठत नाही. आधी टीएक्स लो करा.

मध्ये एक फोर-जीवालं पण घेऊन बघितलं, टूजी किती दिवस टिकेल या भीतीने. त्याची पॉवर-की नावाची पिन अर्धा सेकंद ग्राउंडला ओढून सोडावी लागते, सप्लाय स्थिर झाल्यावर. मी अक्कल लावून ती कायमची ग्राउंडला बांधली, चला, आपोआप चालू होईल. झालंही, फक्त बंद करायची कमांड दिली की परत स्वतःच चालू! मग वैतागून रिलेने सप्लायच तोडायला लागलो आणि एक दिवस ते पोर्टवर दिसेनाच. आतल्या फ्लॅशमध्ये काहीतरी लिहिलं जात असताना वीज गेली असणार, फर्मवेअर परत भरल्यावर उठलं. आता कमांड, मग स्टेटस पिन (मॉड्यूल चालू की बंद ते सांगणारी) खाली जाईपर्यंत थांबणं, मग रिले. तसंही ते सध्या खोक्यात आहे.

तर परवाची रात्र. टॉर्च, लॅपटॉप, मित्राचा स्कोप (अजून परत केलेला नाही) घेऊन टाकीवर गेलो. दोन तास. सप्लाय बघितला, ३.८. सोल्डर बघितलं, कपॅसिटर बदलला, ग्राउंडची वायर अजून एक जाड लावली. एलईडी आपला तीन सेकंदांनी एकदा शांतपणे ब्लिंक करत होता, म्हणजे नेटवर्क चांगलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी व्होल्टेज मोजत होतो. शेवटी हाताने एसएमएस पाठवून बघितला तर एरर. सिम काढून फोनमध्ये घातलं.

रिचार्ज संपला होता. सगळ्यात स्वस्त प्लॅन मीच शोधून टाकला होता.